भिंतीआड गेलेले जोड

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात मी डोळे मिटून दिवा लावू शकतो. फक्त माझ्या थोरल्या साडूंच्या घरात डोळे उघडे ठेवूनही मला ते आजतागायत जमलेलं नाही. मी हयातभर आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. दारातून आत शिरलेल्या माणसाचा हात अंधारात जिथं आपोआप जातो तिथंच बोर्ड पाहिजे, हे मी पोरांच्या कित्येक तुकड्यांकडून घोकून घेतलं. सोनपेठच्या त्या घरात माझा हात आपोआप जातो तिथं शेवंतीच्या फुलांचं चित्र टांगलेलं आहे. ते बाजूला सरकवलं तर मागं नुसता खिळा. खरा बोर्ड त्याच्या पलीकडच्या बगळ्यांच्या चित्रामागं. म्हणजे एका हातानं बगळे उचलून धरायचे आणि दुसऱ्या हातानं चाचपत बटण दाबायचं. पहिलं बटण दाबलं की पंखा लागतो, दुसरं दाबलं की काहीच होत नाही, तिसरं दाबलं की बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा लागतो आणि आपण अंधारात बगळे धरून उभे.

हे साडू म्हणजे आमच्या आक्कांचे, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, मिस्टर. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पाव्हणे म्हणतात. सोनपेठच्या एका शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली. त्यांच्या हाताखाली गेलेली माणसं आज तहसीलमध्ये आहेत, बँकेत आहेत, शेतात आहेत; चित्र कुणालाच येत नाही, पण सगळ्यांच्या घरची कॅलेंडरं सरळ टांगलेली असतात. दाजींचा डोळाच तसा आहे. भिंतीवरचा एक वाकडा खिळा त्यांना जेवताना दाताखाली खडा यावा तसा लागतो. या जगाबद्दल त्यांची तक्रार एकच, ती म्हणजे जगातल्या वस्तू दिसतात. पाण्याचा पाइप? "दिसायलाय." विजेचं मीटर? "दिसायलंय." गच्चीवरची टाकी? "ती तर लयच दिसायलीय, पाव्हणे! थेट गंगाखेडच्या रोडवरून दिसायलीय." मग टाकीला त्यांनी आभाळी रंग दिला आणि त्यावर पांढरे ढग काढले. उन्हाळ्यात ती खरोखरच आभाळात विरघळून जाते. पावसाळ्यात मात्र आभाळ काळंभोर होतं आणि टाकी तेवढी एकटी एप्रिल महिन्यात राहते.

घराला बेल आहे, पण ती बोगनवेलीच्या आड. तिच्यापर्यंत पोचायचं तर मनगटावर काट्यांचे ओरखडे घ्यावे लागतात, म्हणून सिलिंडरवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे फाटकातूनच हाका मारतात. बोअरचं तोंड उघडं दिसू नये म्हणून दाजींनी त्यावर सिमेंटचा एक ओंडका बसवला आणि त्याला लिंबाच्या खोडासारखी साल काढली. एकदा मोटार बिघडली. मेकॅनिक आला, सगळं अंगण पालथं घातलं, आणि शेवटी दमून घाम पुसत त्याच ओंडक्यावर बसला. दाजी समोर खुर्चीत बसून त्याच्याकडं कौतुकानं बघत होते. बरंच पाणी प्यायल्यावर तो माणूस म्हणाला, "सर, बोर हाय तरी कुठं?" त्यावर दाजी आनंदानं म्हणाले, "बसलाव की त्याच्यावरच!" मेकॅनिकनं कौतुकानं हसावं अशी त्यांची अपेक्षा होती. तो हसला नाही. मलाही या माणसाच्या घरी कधी हसू आलेलं नाही. येतं ते परतीच्या एसटीत, पाथरी-गंगाखेडच्या पाट्या मागं पडल्यावर.

राणीसावरगावला आमच्या एका भाचीचं लग्न होतं. मांडवाच्या सजावटीचा जिम्मा दाजींनी आपणहून घेतला. पांढरं कापड, निळ्या झालरी, समोर बुद्धमूर्ती, सगळं अगदी देखणं. मात्र मांडवाच्या खांबांवर कर्णे बांधलेले होते आणि ते दिसत होते. दाजींनी चारी कर्ण्यांना पांढऱ्या कापडाचे घट्ट डबल पडदे शिवून घातले. पुढच्या चार रांगांत त्रिशरण-पंचशील नीट ऐकू आलं. मागच्या रांगांत काहीच ऐकू न आल्यामुळं लोकांनी विधी आटोपला असं धरलं आणि नवरा-नवरीनं एकमेकांना हार घालायच्या आत मागच्या बाजूला भाताच्या पंगती बसल्या. वरपक्षाचे लोक रागावले, आमचा साळा रागावला, आक्का काही बोलल्या नाहीत. आक्का तशा कधीच काही बोलत नसत. दाजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "जेवू द्या हो. पण मांडव कसा दिसला ते सांगा."

हे सगळं एका अंगानं सोसण्यासारखं होतं. पण त्याचा आणि माझा खरा झगडा सुरू झाला होता तो या माणसानं हे घर बांधायला काढलं त्या दिवशीच. मी रजा काढून वायरिंगच्या वेळी सोनपेठला जाऊन राहिलो. मिस्त्री आणि दाजी दोघांना समोर उभं करून सांगितलं की वायर भिंतीतल्या पाइपातून जाते, तिला मध्येच कुठं जोड द्यायचा नाही. जोड द्यायचा तो फक्त लोखंडी जंक्शन बॉक्समध्ये, आणि त्या बॉक्सवर स्क्रूचं झाकण असलं पाहिजे, म्हणजे उद्या काही बिघडलं तर झाकण काढून आत बघता येतं. वायर सहसा बिघडत नाही. बिघडतो तो जोड. म्हणून जोड जिथं असेल तिथं माणसाचा हात पोचला पाहिजे. दाजी मान हलवत होते. "एकदम बरोबर हाय तुमचं," म्हणाले. मी समाधानानं परभणीला परतलो.

गृहप्रवेशाला गेलो आणि दारातच थबकलो. भिंती नुसत्या लोण्यासारख्या. हात फिरवावा तर हात घसरत जातो. झाकण एकही नाही. "दाजी," मी विचारलं, "बॉक्स कुठं गेले?"

दाजींचे डोळे लुकलुकले. इतकी वर्षं या एका प्रश्नाची ते वाट बघत असावेत अशा आवाजात ते म्हणाले, "वळखा!"

प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर घासकाम, त्यावर रंग. सगळे बॉक्स झाकणांसकट भिंतीत गडप. मी म्हणालो, "उद्या फॉल्ट आला तर काय करणार?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येतोय कशाला? नवी कोरी वायर हाय. आन् आलाच, तर तुमी हाईत की." त्या दिवशीची खीर मला गोड लागली नाही.

पुढं दाजी सेवेतून निवृत्त झाले आणि दिवाणखान्यातल्या त्या सर्वांत मोठ्या, सर्वांत गुळगुळीत भिंतीवर त्यांनी चित्र काढायला घेतलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. तर गंगेचा काठ, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, एक नाव, आणि पायरीवर धुणं धुणारी एक पाठमोरी बाई. ती बाई म्हणजे आक्का होत्या, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पाठीवरच्या शेपट्यावरून माझ्या बायकोनं पहिल्याच नजरेत ओळखलं. चित्र खरंच सुरेख होतं. पाणी हलतंय असं वाटे. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की दाजींवरचा माझा निम्मा राग निवायचा आणि बगळे उचलायला गेलो की परत चढायचा.

आणि मग आक्कांच्या बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. भांडी घासताना जास्त यायच्या. दाजी त्यांना परभणीला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी आक्कांना काही विचारलं की उत्तर दाजी द्यायचे. झिणझिण्या कधी येतात, या प्रश्नाला आक्का तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "येतच असतेत, वयोमानानं." झालं. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली. आक्कांचे दंड सुजले आणि झिणझिण्या होत्या तशाच राहिल्या.

अशात आम्ही दोघं सोनपेठला गेलो. जेवणं झाल्यावर माझी बायको ताट विसळायला उठली, तिनं स्टीलच्या सिंकवरच्या नळाला ओला हात लावला आणि "अगं आई गं!" करून मागं उडाली. "आक्का, मलापण आल्या गं झिणझिण्या!"

दिवाणखान्यातून दाजींचा आवाज आला, "बगा! मी म्हनलं नव्हतं? तुमच्या माहेराकडूनच हाय हे."

मी खिशातला टेस्टर काढला आणि नळाला लावला. टेस्टरचा दिवा लागला. मी दाजींना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं, तो दिवा दाखवला आणि नळालाही इंजेक्शनं द्यायची का, असं विचारलं. आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, ते मला त्या वेळी कळलं नाही.

कुठं तरी गळती होती, हे उघड होतं. अशी गळती झाली तरी करंट जमिनीत निघून जावा म्हणून घराला अर्थिंग असतं. मी विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? तोही दिसत होता म्हणून दाजींनी त्यावर शहाबादी फरशी बसवून घेतली होती. आमच्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात सुकून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगला वरून पाणी घालावं लागतं. या खड्ड्यानं कैक उन्हाळ्यांत पाण्याचा थेंब पाहिला नव्हता. मी फरशी उचकटली, खड्डा नीट केला, आणि मेनजवळ गळती झाली की लाईट आपोआप तोडणारा ब्रेकर बसवला. त्या दिवशी तो पडला नाही; गळती त्याच्या मापापेक्षा कमी असावी. पण मी बजावलं, की गळती नेमकी कुठली ते शोधायला बॉक्स उघडावे लागतील. दाजी म्हणाले, "बगू की."

"बगू की" म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. थोडे दिवस गेले आणि सकाळी सकाळी फोन आला. "पाव्हणे, जयभीम. तुमचं ते यंत्र खराब निघालं."

"काय झालं?"

"मी अंगावर दोन तांबे घेतले की घरातली लाईट पडायलीय. रोज! दुपारून आपोआप बरं व्हायलंय, दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसलं की पुन्ना तेच. माझ्या अंघोळीवरच उठलंय ते. मी काढून टाकायला मानूस बोलवलाय."

"त्याला हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. "मी येतोय. येईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही." आणि मिळेल ती एसटी धरून निघालो.

त्या दिवशी मी त्या घरात जे भोगलं ते माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ नये. मेन बंद केला. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळी उपकरणं काढून बाजूला ठेवली. मेगर लावून एकेक लाइन तपासली. मेगर म्हणजे वायरचं कवच शाबूत आहे का ते सांगणारं मीटर. बाकी लाइनी ठीक होत्या, स्वयंपाकघराच्या लाइनीला काटा शून्यावर लोळण घेत होता. मग तिकडचा बोर्ड शोधला (लोणच्याच्या बरण्यांच्या चित्रामागं), तिथल्या वायरी सोडवल्या, पुन्हा मेगर लावला. काटा तसाच. म्हणजे खोट मेनपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेत. एरवी सरळ काम असतं: मधला बॉक्स उघडायचा, जोड सोडवायचा, अलीकडचा अर्धा आणि पलीकडचा अर्धा वेगवेगळा तपासायचा; खोट पळून जाईल कुठं? पण इथं बॉक्सच फरार. वायर ओढून काढावी म्हटलं तर तसूभर हलेना, कारण मध्ये कुठं तरी जोड अडकलेला. मी भिंतीवर बोटं वाजवत, कान लावत फिरत होतो. दाजी पाठोपाठ हातात ओलं फडकं घेऊन माझ्या बोटांचे डाग पुसत होते.

शेवटी मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून आणलं होतं ते काढलं. बॉक्स लोखंडी आहे, चुंबक तिथं चिकटणारच. दिवाणखान्याच्या पलीकडं न्हाणीघर, न्हाणीघराला लागून स्वयंपाकघर. तेव्हा बॉक्स असणार तो याच चित्राच्या भिंतीत. मी गंगेच्या काठाकाठानं चुंबक सोडत गेलो आणि एका म्हशीच्या पोटावर ते टच्चकन बसलं.

"दाजी, इथं फोडावं लागेल."

दाजींनी डोळे मिटले. "फोडा," म्हणाले, "म्हैसच हाय."

मी छिन्नी लावली. म्हशीचं पोट फुटलं, पुट्टी पडली, प्लास्टर पडलं, आणि आत निघाला एक गंजका लोखंडी तुकडा. कापलेली खुंटी!

"हां, ती व्हय," दाजी म्हणाले. "ती दिसायली होती. मीच कापून आत ठोकली."

"अहो, मग सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

मी छिन्नी खाली ठेवली. मनात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पोरांना गणपतीचं पोट आणि मोराचा पिसारा प्रमाणात काढायला शिकवलं, त्याला आपल्या भिंतीत काय पुरलंय ते आठवत नसेल, हे शक्यच नव्हतं. मी सरळ विचारलं, "बॉक्स कुठंय?" त्यांनी नुसती हनुवटी हलवली. मी वळून पाहिलं. हनुवटीच्या टोकाला पायरीवर धुणं धुणारी बाई होती.

मी चुंबक तिच्या कमरेपाशी धरलं. चिकटलं.

"न्हाई," दाजी म्हणाले.

"दाजी, ऐका—"

"बाकी घर फोडा. छत फोडा. हितं न्हाई."

मी म्हणालो, मग हा बॉक्स मरू द्या. भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारतो, तिच्यातून नवी वायर नेतो. स्वयंपाकघरापर्यंत सरळ रेघ. दिवाणखान्यात म्हशी बांधा असं सुचवल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "गंगेवरून पट्टी?" मग दाजीच एकेक तोडगा काढू लागले. ते अंघोळ दुपारी करतील. नाही तर अंघोळ अंगणात करतील. आक्कांना रबरी चपला आणून देतील, हातमोजे आणून देतील, चांगल्या कंपनीचे. किंवा मी ते यंत्रच काढून न्यावं, म्हणजे लाईट पडायचा प्रश्न मिटला. झिणझिण्या काय, थोड्याच हाईत, सवय होते.

माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. दोन पेन्शनर माणसं एका फुटक्या म्हशीसमोर उभी राहून भांडत होती. मी म्हणालो, हे यंत्र काढलं तर तुमच्या घरात एक दिवस मयत होईल. ते म्हणाले, "खामखा भ्याव कामून दाखवायलेत?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाल्या, "मेन बंद हाय न्हवं, भाऊजी?"

आम्ही दोघंही थांबलो. मी म्हणालो, "बंद आहे."

आक्का आल्या. पदर कमरेला खोचला, माझ्या पायाशी पडलेली छिन्नी आणि हातोडी उचलली, आणि चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दाजींकडं न बघताच बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. "भिंतीवरच्या बाईला लय जपायलेत. आन् मोरीपाशी उभी राहती तिला करंट बसायलाय, तिचं काय? सुया मी टोचून घेतल्या. दंडाला गाठी मला आल्या. मी सांगायले होते डाक्टरला, भांडी घासताना येतंय म्हनून. बोलू दिलं का?"

आक्कांनी छिन्नी स्वतःच्याच पाठमोऱ्या कमरेवर टेकवली आणि हातोडी हाणली. घाव वाकडा बसला. शेपट्याचं टोक उडालं, पाण्याचा एक टवका निघाला. दुसरा घाव त्याहून वाकडा. तिसऱ्याला त्यांनी हात उचलला तेव्हा दाजी पुढं झाले. मला वाटलं, आता हातोडी हिसकावतात. त्यांनी हातोडी घेतली खरी, पण म्हणाले, "थांब. असं न्हाई. कड धरून मारावं लागतंय." आणि खिशातली पेन्सिल काढून, चुंबक जिथं चिकटलं होतं त्याच्याभोवती त्यांनी एका झटक्यात सरळ चौकोन आखला. मग एकेक कड धरून, अगदी हलक्या हातानं, स्वतःच काढलेली बाई स्वतःच तोडून काढली. आम्ही दोघं बघत राहिलो. पुट्टीची भुकटी त्यांच्या भुवयांवर बसत होती.

बॉक्सचं झाकण उघडलं. आत पाण्याचे थेंब. अंघोळीला नळ सोडला की पलीकडच्या न्हाणीघराच्या पाइपाचं पाणी भिंतीत झिरपत होतं. पाइपही दिसू नये म्हणून याच भिंतीत गाडलेला, आणि तोच पुढं सिंकच्या नळाला गेलेला. जोडावरची टेप सडून चिखल झाली होती, तांबं हिरवं पडलं होतं, आणि फेजची, म्हणजे करंटची, उघडी वायर ओल्या लोखंडाला टेकून होती. मी बॅटरीच्या उजेडात ते दाजींना दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग तिथंच, पडलेल्या प्लास्टरच्या ढिगाजवळ, खाली बसले.

"हे तिच्या हातात यायलं होतं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"जास्ती झालं असतं तर?"

सकाळपासून या माणसाला सुनवायला मी जे जे जमवून ठेवलं होतं ते सगळं आता सुनवता आलं असतं. ओला हात, अनवाणी पाय, मेलेलं अर्थिंग, एवढंच मी म्हणालो.

पाइपाचा कॉक बंद करून ठेवला. त्याचं काम प्लंबरनं नंतर केलं. मी जोड तोडले, तांबं पार चकाकेपर्यंत साफ केलं, नवे कनेक्टर बसवले, बॉक्स सुकवला. हे चाललेलं असताना दाजी उठले. टेबलाच्या खणातून शाळेतला निळा खडू घेतला आणि घरभर फिरू लागले. माजघराच्या भिंतीवर एक गोल काढला. "हितं एक हाय," म्हणाले. जिन्याखाली एक गोल. "हितं एक." निजायच्या खोलीत कपाट सरकवलं आणि त्याच्यामागं गोल काढला. प्रत्येक बॉक्स त्यांना ठाऊक होता. ज्या भिंतीवर त्यांनी कुणाला बोट टेकू दिलं नव्हतं त्या साऱ्या भिंतींवर ते मुकाट्यानं निळी वर्तुळं काढत गेले. आणि काय सांगू, कंपास न लावता काढलेली ती वर्तुळं एकजात गोल गरगरीत होती.

गंगेच्या काठावर मी पांढरं झाकण चार स्क्रूंनी बसवलं. दाजी त्याच्याकडं बघून रंगाची डबी शोधायला वळले, तेव्हा आक्का म्हणाल्या, "राहू द्या तसंच." ते तसंच राहिलं.

मेन चालू केला. ब्रेकर टिकला. मेगरनं आधीच होकार दिला होता, तरी खात्रीसाठी मी टेस्टर घेऊन सिंककडं निघालो. तोवर दाजींनी चपला काढल्या होत्या. मी "अहो, अहो!" करेपर्यंत त्यांनी दोन्ही हात बादलीत बुडवले आणि ओल्या हातांनी नळ गच्च धरला. मी असा किंचाळलो की आक्कांच्या हातातलं भगुणं खाली पडलं. दाजी नळ धरून तसेच उभे, कान टवकारल्यासारखे. मग वळून आक्कांना म्हणाले, "काही न्हाई. ये आता."

"टेस्टर कशासाठी असतो?" मी ओरडलो. "मी इथं झक मारायला आलोय का?"

"तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांचं हे वाक्य ऐकलं की मला अजून धडकी भरते.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. परवा आक्कांचा माझ्या बायकोला फोन आला होता. झिणझिण्या गेल्या, दंडाच्या गाठी जिरल्या. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "ह्यांचं रोजचं चालूच हाय बाई. माझ्या आधी उठतेत. अनवाणी जाऊन आधी नळाला ओला हात लावतेत, मग फ्रिजला, मग मशीनीला. मग येऊन म्हनतेत, ऊठ आता."

मी बायकोच्या हातातून फोन ओढून घेतला. दाजींना द्यायला लावला. आणि जे कैक दिवस साचलं होतं ते सगळं ओतलं. म्हणालो, ही तपासणी कुठल्या पुस्तकात दिलीय? ब्रेकर कशाला बसवलाय? त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा म्हणून सांगितलंय, ते सोडून ओल्या हातानं मशीन धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात तुम्ही एकटे आहात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "यंत्र हाय की तुमचं. लय चांगलं हाय."

"मग हात कशाला लावता?"

पलीकडं भांड्यांचा आवाज आणि वाहतं पाणी. आक्का नळापाशी असाव्यात.

"इतके दिवस तिनंच लावला न्हवं, पाव्हणे," दाजी म्हणाले.

मला अजून बरंच बोलायचं होतं. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.